चौदाशे हर्ट्झ

कर्णिकांनी सेट आणला रिक्षात, मांडीवर घेऊन,
चरईपासून वागळे इस्टेटपर्यंत,
टॉवेलात गुंडाळलेला, वर एक सेफ्टी पिन.
"हेमलता, हा घसरतो.
लावल्यापासून वीस मिनिटं खाली खाली जातो, मग ठरतो.
तोवर नऊचं नेट उठतं."
मी म्हटलं, साडेआठलाच लावून ठेवा.
"आणि व्हॉल्व फुकट जाळू? आता मिळतात का?"

शुक्रवार धरला.
शुक्रवारी इस्टेट बंद, शेजारची लेथ गप्प,
टेबलावरचा चहा हलत नाही.
झाकण काढलं: धूळ, झुरळाचा एक पंख,
पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, अर्धी पुसलेली.
काउंटर जोडला. बटण दाबलं.
शेवटचे तीन आकडे लगेच उतरायला लागले,
कुणी मागून हाक मारेल म्हणून
थांबत थांबत.

वीज तपासली, दीडशे व्होल्ट, हलत नाही.
व्हॉल्व बदलला, तेच.
कॉइलवरचं मेण शाबूत.
आणि प्रत्येक वेळी दोन तास थंड होऊ द्यायचं,
कारण या तापाचं असं आहे,
पुन्हा मोजायचा तर
आधी रोगी बरा व्हावा लागतो.

दुपार गेली. डबा खाल्ला. शेपूची भाजी.
मग कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून
एकेका कपॅसिटरला टेकवत गेले.
पहिला, काही नाही.
दुसरा, काही नाही.
तिसरा, तपकिरी, निरुपद्रवी चेहऱ्याचा,
टेकवला मात्र, आणि आकडे
उलटे चढले, धावत.

ओक सरांच्या औषधाच्या बाटलीत
जांभळ्या टोकाचे चार शिल्लक होते,
गरम झाले की आकसणारे.
सेट जेवढा पसरेल तेवढा हा मागे घेईल,
सर म्हणायचे, घरात एक तरी असा लागतो.
डाग दिला. फुंकर मारली नाही.
वीस मिनिटांत चाळीस हर्ट्झ.
पूर्वी चौदाशे.

शनिवारी नऊ बाराला फोन.
महाडचे गांगल गेली अकरा वर्षं
कर्णिकांच्या मागे मागे नॉब फिरवत आलेत.
आवाज बारीक झाला, बदकासारखा झाला,
की बोटभर डावीकडे,
पुन्हा बारीक, पुन्हा बोटभर.
काल हात सवयीनं फिरला
आणि कर्णिक हरवले.
"कुठे गेलात?"
"इथेच आहे."
"इथेच म्हणजे कुठे?"

"हेमलता," कर्णिक म्हणाले,
मागे खरखर चालूच होती,
"त्याला जरा घसरू देता येईल का?"
"किती?"
बराच वेळ नुसती खरखर.
"गांगल म्हणतोय, दोनशे."

जुना कपॅसिटर मी टाकलेला नाही.
खणात आहे, पाकिटावर लिहिलंय:
कर्णिक, चरई. चौदाशे.
दोनशे कसे करायचे, ते बघते.