पाणाड्या

काल रात्री वॉर्डात नागोजी सांबरेकरांनी विचारलं,
"तुमच्या मशिनीत खारं-गोडं कळतंय काय ओ, बाई?"
चाळीस वर्षं तळहातावर नारळ ठेवून
काकतीपासून खानापूरपर्यंत रानं तुडवलेला माणूस.
नारळ उभा राहिला की म्हणायचा, इथं मारा बोअर.
"एकदाच चुकलो, कडोलीत.
तीनशे फूट. नुसता फुफाटा."

आता त्यांचं पोट उघडं आहे
आणि माझ्या हातात निर्जंतुक पिशवीत गुंडाळलेला प्रोब.
यकृत वरून गुळगुळीत, तांबूस, ओलं;
त्यावर कसलीच खूण नाही.
सीटी म्हणाला होता, गाठीनं मधली शीर धरलीय.
तसं असेल तर अर्धं यकृत जाणार.

सलाईन ओतते. टेकवते. दाबत नाही,
दाबलं की शीर मिटते
आणि वाहत्या जागी मी कोरडं सांगेन.
"स्वल्प बलक्के," हुक्केरी सर म्हणतात.
सरकवते, तांदळाच्या दाण्याएवढं.

पडद्यावर काळोखाची एक फांदी.
डॉप्लरचा रंग लावला: निळं, हृदयाकडे निघालेलं.
गाठ शेजारीच बसलेली,
मधे एक फट.
मोजते. पुन्हा मोजते.
"आठ मिलिमीटर. शीर मोकळी आहे."

सर यकृतावर ठिपके जाळत रेघ आखतात.
कुणी बोलत नाही, मॉनिटर तेवढा बोलतो.
हातमोज्यात माझा तळहात घामेजलेला,
त्यावर काहीतरी उभं राहिल्यासारखं.

खारं की गोडं,
ते मंगळवारी कळेल, लॅबमधून.
तोवर मलाही, नागोजीराव,
कडोली आठवत राहील.