हातोडी

पो नदीच्या खोऱ्यात धुकं असं बसतं
की सायकलचं पुढचं चाकसुद्धा अंदाजानं चालवावं लागतं.
नीवेस तशीच येते, गोदामाचं दार ढकलते.
आत बारा महिन्यांचा वास उभा.

कष्टांचं चीज व्हायला इथं एवढा वेळ लागतो,
आणि तरी खात्री नाही.
छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर चाळीस-चाळीस किलोची चाकं,
सगळी सारखी, पिवळी, गप्प.
लेआर्को एक उतरवून तिपाईवर ठेवतो,
बोटभर हातोडीनं टकटक करत फिरवतो
आणि म्हणतो, हं.
किंवा म्हणतो, नाही.
चाळीस वर्षांत चाकाविषयी
तिसरा शब्द त्यानं काढलेला नाही.

पहिल्या वर्षी तिनं वही घातली होती.
भरीव: ओल्या वाळूवर टाच आपटावी तसा.
पोकळ: शेजारच्या खोलीत कुणी कप ठेवावा तसा.
चीर: आणि पुढं जागा सोडलेली.
लेआर्कोनं वही चाळली, परत दिली,
म्हणाला, अक्षर छान आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात, सतराव्या रांगेत, एक चाक.
आवाज थेट वहीतला. ओली वाळू, टाच.
तरी मनगटात काहीतरी अडलं,
मनात पाल चुकचुकावी तसं,
पण एकदाच, आणि इतकं हळू
की पाल होती की हातोडीचा दांडा, कळेना.
का, असं कुणी विचारलं असतं तर काय दाखवणार होती ती?
हं, म्हणाली.
लेआर्कोनं तिच्याकडे पाहिलं आणि चाकावर डाग दिला.

दोन महिन्यांनी मोडेनाहून फोन आला.
कापलं तर आत चीर,
तळवा सहज जाईल एवढी.
'तुला कळलं होतं,' लेआर्को म्हणाला.
'तुम्हालाही?'
'मी चाक ऐकत नव्हतो. तुला ऐकत होतो.'
चाळीस किलोची शिकवणी. पैसे त्यानंच भरले.

मग काय, तिला जिथं तिथं पाल.
एका सोमवारी ओळीनं पाच चाकं नाकारली.
लेआर्कोनं पाचही तिच्यासमोर फोडली.
पाचही कणीदार, निर्दोष, अन्याय झाल्यासारखी.
पाचव्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवत म्हणाला,
'घरी काय झालंय?'
घरी आई होती.
गुरुवारी यायचा रिपोर्ट होता.
तीच वाजत होती सकाळपासून, चाकाचाकांतून.

रिपोर्ट बरा आला. पण नीवेसला सवय लागली.
रात्री ती टेबल वाजवून बघते, पाव, भिंत,
झोपलेल्या आईच्या पलंगाची कड.
भीती बोलघेवडी, एवढं तिला उमगलंय,
येताना चार साक्षीदार घेऊन येते,
खुर्ची ओढून बसते, उठत नाही.
ते दुसरं येतं तेव्हा
नुसतं दारात उभं राहतं,
हाक मारायच्या आत गेलेलं असतं.
पण हेही नेहमीच खरं नाही.
कधी दोघं एकाच आवाजात येतात
आणि तेव्हा ती हातोडी खाली ठेवून पाणी पिऊन येते.

आज चौथा हिवाळा. खिडकीला तेच धुकं.
तिनं एक चाक फिरवलं, वाजवलं.
ओली वाळू, टाच, सगळं जिथल्या तिथं.
'नाही,' ती म्हणाली.
'का?'
हा तिसरा शब्द होता.
'माहीत नाही.'

तिच्यामागून प्रत्येक चाक तो स्वतः एकदा वाजवतो,
चार वर्षं, एकही न सोडता.
आज त्यानं हातोडी एप्रनच्या खिशात टाकली,
खडूनं फुली मारली
आणि पुढच्या रांगेकडे निघाला, पाय किंचित ओढत.

तो वळल्यावर
नीवेसनं मागं पाहिलं,
आणि हळूच,
नखानं,
पुन्हा एकदा वाजवून बघितलं.