होडी आन

सवाना बंदरात जहाज नऊ दिवस अडकलं
तेव्हा घेतली ही कॅसेट, दोन डॉलरला.
धक्क्याबाहेरचं दुकान, आणि दुकानदार म्हातारा
गाणं लावून डोळे मिटून बसलेला.
मला वाटलं झोपलाय. झोपला नव्हता.

गाणाऱ्या बाईचं नाव कव्हरवर होतं.
इंजिनरूमच्या तेलकट अंगठ्याने ते मीच पुसलं.
घरी पोचेपर्यंत नुसता आवाज उरला,
खरखरीत, खालून वर येणारा,
गाळातून नांगर ओढावा तसा.

हलिमा तेव्हा धोपाव्याच्या पडवीत
सोडे निवडत बसली होती.
टेप लावला. तिचा हात सुपातच थांबला.
म्हणाली, "ही बाई होडी मागते."

इंग्रजी मला तरी कुठलं, जहाजावरचं:
शिव्या, हुकूम आणि जेवणाच्या वेळा.
पण एवढं कळत होतं की ती म्हणते होल्ड ऑन,
म्हणजे धरून राहा, दम धर.
समजावलं तिला. ती म्हणे,
"तुझं तुझ्यापाशी. नीट ऐक की,
होडी आन, होडी आन. पल्याड अडकलीय बिचारी.
आणि रात्र झालीय, नाहीतर एवढी का ओरडेल?"

मग तेच झालं गाण्याचं नाव.
सुट्टीवर आलो की पहिल्या रात्री,
"लाव रे तुझी होडीवाली."
मी बोटीवर गेलो की एकटीच लावायची.
शेजारची जैतून सांगते, चुलीपाशी
भाकरी थापता थापता मध्येच उत्तर द्यायची:
"आली गं आली, भरती तरी लागू दे."

शाबानचा महिना. तिच्या छातीत कळ आली
तेव्हा मी घरीच होतो.
नशीब घरी होतास, असं लोक अजून म्हणतात.
डॉक्टर पलीकडे, दाभोळला.
तर बंद व्हायची रात्री साडेनऊला.
पूर्ण ओहोटी, आमच्या काठच्या होड्या चिखलात बसलेल्या,
गावातली एकुलती जीप चिपळूणला गेलेली.
खाटेसकट आणलं तिला धक्क्यावर,
मी आणि पालशेतकरांचे दोघे मुलगे.
पलीकडे एक कंदील हलत होता.
मी हाका मारल्या.

तिसरी की चौथी हाक असेल,
माझा आवाज फाटला आणि मला ऐकू आलं
मी काय ओरडतोय, कोणाच्या आवाजात.
तिनेही ऐकलं असावं. माझी बाही धरली होती तिने,
ती जराशी ओढली.
हसली असं म्हणणार नाही. अंधार होता. कसं सांगू.

होडी आली. हे मुद्दाम सांगतो,
लोकांना वाटतं आली नाही.
गंगाराम अर्ध्या झोपेतून उठून वल्ही मारत आला,
उघडाच, डोक्याला टॉवेल गुंडाळून.
तो मध्यावर पोचला असेल
तेव्हा बाहीवरची पकड सुटली.

आता मोठी फेरीबोट आहे, ट्रक चढतात तिच्यावर.
फीत खाऱ्या हवेने ताणली गेली,
बाई पूर्वीपेक्षा सावकाश गाते, जाड आवाजात.
तिचंही वय झालं माझ्याबरोबर.
हलिमाचं तेवढं एकोणचाळीसच.

जैतूनचा नातू उबेद परवा आला होता.
म्हणाला, चाचा, फोनवर शोधून देतो,
बाईचं नाव, साल, सगळे शब्द अर्थासकट.
नको म्हटलं.
पेन्सिल घालून मी फीत गुंडाळत राहिलो.
तो थोडा वेळ बघत बसला, मग म्हणाला,
"पण ती म्हणते तरी काय?"

कॅसेट आत सरकवली.
"होडी मागते," म्हटलं.
भरती लागायला अजून तासभर होता.