गुडघ्यातली अक्कल

रविवारी सकाळी सातला
रिओनी नदीचं धुकं अजून मैदानातच बसलेलं असतं.
गोलपोस्टला जाळी नाही,
कॉर्नरला कुणाचीतरी गाय बांधलेली.
आम्ही अकरा जण येतो, कधी नऊ.
कुताईसी ते बातूमी, बातूमी ते कुताईसी,
सहा दिवस मिनीबस हाकून
बसल्या जागी आखडलेल्या मांड्या घेऊन.

पूर्वी थेट खेळायचो.
सिगारेट विझली की सामना सुरू.
बाद्रीच्या टाचेवरची शीर तुटली तेव्हा
मी पलीकडच्या गोलमध्ये होतो, तरी आवाज आला,
ओली दोरी ताणून तुटावी तसा.
पडायच्या आधी त्यानं मागे वळून पाहिलं
कुणी लाथ मारली ते.
मागे कुणीच नव्हतं.
फक्त गाय, तीही लांब.

पुढच्या रविवारी त्याची सासू आली.
त्सिआला. तीस वर्षं त्स्काल्तुबोच्या आरोग्यधामात
परक्यांचे गुडघे चोळून निवृत्त झालेली.
हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी.
"गोचा, जानेवारीत गाडी चालू केलीस
की लगेच चौथा गिअर टाकतोस?"
"नाही."
"का?"
गोचा बुटांकडे बघत राहिला.
"इंजिनाची दया येते," ती म्हणाली, "बरं आहे."

तेव्हापासून पंधरा मिनिटं तिची.
आधी नुसतं पळायचं, बोलता येईल इतपत.
मग गुडघा वर उचलून बाहेर वळवायचा
गंजलेलं फाटक उघडावं तसा,
आणि तो कुरकुरतोही तसाच.
एका पायावर उभं राहून शेजाऱ्याला ढकलायचं.
उडी मारायची, पण उतरताना
आवाज नको: "बाळ झोपलंय समजा."
एकशेदहा किलोचा अंझोर
न दिसणाऱ्या बाळासाठी चवड्यांवर उतरायचा,
आणि ती जवळ जाऊन
त्याचे आत झुकणारे गुडघे दोन बोटांनी बाहेर करायची.

सगळ्यांत वाईट ते शेवटचं.
गुडघ्यांवर बसायचं, मागून कुणीतरी घोटे धरायचे,
आणि सरळ, झाडासारखं, सावकाश पुढे कलत जायचं
जमीन तोंडापाशी येईपर्यंत.
दहा वेळा.
मांडीमागून कुणी तार ओढतंय असं वाटतं.
गोचा मोजायचा: पाच, सहा, आठ.
"सात कुठे गेला?"
"बातूमीला उतरला, बाई."
तो पुन्हा पहिल्यापासून.

पलीकडची विटभट्टीवाल्यांची टीम हसायची.
म्हणायची, म्हातारीनं नाचाची शाळा काढली,
यांची अक्कल गुडघ्यात.
त्सिआला बी सोलत म्हणाली,
"गुडघ्यातच असते. म्हणून तर जपायची."

आम्ही काही जिंकायला लागलो नाही.
तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.
चार-एकने हरलो, पाच-शून्यने हरलो,
पण सोमवारी पहाटे क्लच दाबताना
कुणी देवाचं नाव घेईना.
दोन वर्षांत एक घोटा मुरगळला फक्त,
तोही वाझाचा, लग्नात नाचताना.

मार्चमध्ये तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं.
इतरांचे सांधे उघडता उघडता
स्वतःचा कधी घासला, तिनं सांगितलंच नाही.
आम्ही सगळे गेलो, बूट दाराशी काढून,
अंझोर चवड्यांवर.
फिजिओ मुलगी वैतागून बाहेर निघालेली.
"ऐकत नाहीत. दुखतंय म्हणतात."

गोचानं खुर्ची ओढली.
पांघरुणाच्या टोकाला बसून
तिची टाच तळहातावर घेतली,
अंडं घ्यावं तशी.
"सरकवा. सावकाश. मी मोजत नाही, तुम्हीच मोजा."

एक, म्हणाली. दोन.
खिडकीत कुणाची तरी मिनीबस हॉर्न देत होती,
चुकीच्या जागी लावलेली, बहुधा माझीच.
चार. पाच.
सहाला तिचे डोळे भरले,
ओठ घट्ट मिटले, मग ती घाईनं म्हणाली,
"आठ."

गोचानं टाच सोडली नाही.
"सात," तो म्हणाला.