नळीतला थेंब

गंगापूरचे दरवाजे पहाटे उघडले.
साडेसातला रेडिओवर आकडा आला, क्युसेकमध्ये.
आठला शहरातून फोन : दुतोंड्या दिसत नाही.
नाशिककर पूर मारुतीच्या अंगावर मोजतात,
गुडघे, कंबर, छाती, गळा.
आमच्याकडे अल्टिमीटर आहे,
तो सकाळपासून म्हणतोय एकोणीसशे फूट,
म्हणजे आपण बुडत नाही.
हे सायखेड्याच्या म्हशींनाही कळलं असावं,

कारण धावपट्टीवर म्हशी होत्या.
चाळीसेक. तीन ट्रॅक्टर, एक टेम्पो,
कांद्याच्या गोणींवर निजलेली पोरं,
आणि पांढऱ्या रंगात लिहिलेल्या सत्तावीसच्या
दोन आणि सातमध्ये
चूल.

मी निवृत्ती बोरस्ते, धावपट्टीचा राखणदार.
अकरा वर्षं काम एकच :
कुत्री हाकला, मोर हाकला,
वाऱ्याची पिशवी फाटली की शिवा.
माणसं हाकलायची, असं कागदावर नव्हतं.

यामिनी थेटे, गिरणाऱ्याची, शिकाऊ पोरांना उडायला शिकवते.
दोन सीटांचं विमान. लग्नातली मोटारही त्याहून जड.
म्हणाली, काका, मला सहाशे मीटर द्या.
मी म्हटलं, ती शिंगमोडी माझ्या बहिणीची आहे.
मग तिला आधी सांगा, म्हणाली.

तिकडे लतीफ मिस्त्री पंखाखाली वाकलेला.
टाकीखालची झडप दाबून
काचेच्या नळीत पेट्रोल घेतलं, निळसर,
उजेडाकडे धरलं. उजेड नव्हता.
मोबाईलच्या टॉर्चसमोर धरलं.
तळाशी एक मणी. पाणी.
ओतलं. पुन्हा घेतलं. पुन्हा मणी, बारका.
अर्धा निफाड तालुका पाण्याखाली
आणि हा माणूस
एका थेंबासाठी पाचव्यांदा वाकतोय.
गोणीवरचं एक पोरगं शेजारी येऊन उकिडवं बसलं,
म्हणालं, आता गेला.
लतीफने तरी अजून एकदा पाहिलं.

चूल कुणी विझवली नाही.
दोघी बायकांनी ती पत्र्यावर घेतली, तव्यासकट,
आणि गवतात नेऊन ठेवली.
भाकरी करपली नाही, हे मी पाहिलं.
म्हशी मात्र तासभर ऐकेनात.

लोकांना वाटतं, विमान गेलं म्हणजे सुटका झाली.
आमचं विमान कुणाला उचलत नाही.
दोर नाही, जागा नाही,
हवेत थांबताही येत नाही त्याला.
ते फक्त पाहतं.
अठ्ठावीस मिनिटांनी यामिनी उतरली,
चाकांनी दोन्ही बाजूंना पाणी उडवलं,
आणि मांडीवरच्या कागदावरून तिने रेडिओवर वाचलं :
शाळेची गच्ची, एकवीस.
चिंचेवर दोन.
पोल्ट्रीचं छप्पर, चार, एक आडवा.
बोटीवाल्यांना सांगा, बागांवरून येऊ नका,
द्राक्षांच्या तारा पाण्याखाली आहेत,
पंखा अडकेल.

तारांचं तिलाच सुचलं. बापाची बाग होती तिच्या.

संध्याकाळी बोटीवरून निरोप :
गच्चीवरचे आले. चिंचेवरचे आले.
पोल्ट्रीवरून तिघं.
चार होते, यामिनी म्हणाली.
तिघंच आहेत, मॅडम.
रेडिओत बराच वेळ नुसती खरखर.
मग तिने माईक ठेवला,
नोंदवही ओढली,
उड्डाणाची वेळ लिहिली, कारण लिहिलं : पाहणी.
शेजारी मोजलेली माणसं.
चारचा आकडा तिने खोडला नाही.

मी विचारलं नाही आमच्या घराचं.
तिनेच सांगितलं, कौलं दिसली काका,
दोन ओळी.

सकाळी म्हशी परत धावपट्टीवर.
चूलही जागेवर आली, दोन आणि सातमध्ये.
लतीफ वाकला, नळी भरली, टॉर्च लावला.
तेच पोरगं शेजारी,
या वेळी गप्प.
मी सुईत दोरा ओवला
आणि पिशवी मांडीवर घेतली.
रात्रीच्या वाऱ्याने ती
शिवणीवरच उसवली होती.