प्रश्न चौथा, गुण दोन

टांडापेठेतली शाळा, आठवी 'ब', घटक चाचणी.
मार्च संपत आलाय आणि दुपारी अडीचला
खिडकीचा गज हाताला सोसत नाही.
पुढ्यात अडतीस पेपर. लाल पेन गळतंय.

प्रश्न चौथा : कूलरमधून थंड हवा का येते?
उत्तर मीच लिहून दिलं होतं फळ्यावर –
'पाण्याचे, बाष्पीभवन होताना
ते सभोवतालची उष्णता शोषून घेते.'
तेच परत आलंय, सदतीस वेळा,
खडू अडखळला म्हणून पडलेल्या
त्या चुकीच्या स्वल्पविरामासकट.
एकाने तर 'शोषून' खोडून
पुन्हा 'शोषून'च लिहिलंय, अक्षर चांगलं यावं म्हणून.
दोनपैकी दोन. दोनपैकी दोन.
मनगट आपसूक जातं येतं,
या मोहल्ल्यात एकेकाळी धोटा जायचा तसं.

मग हजेरी क्रमांक एकतीस, प्रणोती निखारे.
तिचा बाप गोळीबार चौकात कूलरच्या ताट्या भरतो.
'कूलर थंडी बनवत नाही मॅडम.
ताटीतलं पाणी हवेची गरमी घेते अन् उडून जाते.
खिडकी उघडी ठेवा लागते,
नाहीतर खोलीत ओल भरते अन् पंखा फुकटचा फिरते.
बाबा म्हणते, ऑगस्टात कूलर घेणारा येडा.'

बाष्पीभवन हा शब्द कुठेच नाही.
गुणदान योजनेत त्या शब्दाला एक गुण.
मी 'एक' लिहिलं.
मग एकाभोवती गोल काढला,
मग पेनाला टोपण लावलं आणि बराच वेळ
टाचणीच्या डबीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दोन थर्मामीटर घेऊन वर्गात गेले.
एक तसाच. दुसऱ्याच्या बुडाला
माझा रुमाल, माठात बुडवून पिळलेला.
विचारलं, कोणाचा पारा जास्त?
सदतीसांतले निम्मे म्हणाले, सारखाच.
उरलेल्यांच्या वतीने वेदांत डेकाटे उठला,
पहिल्या बाकावरचा, दोनपैकी दोन :
'रुमालवाल्याचा जास्त, मॅडम.
त्याले पांघरूण आहे ना.'
कोणी हसलं नाही.
मला तर ते इतकं पटलं क्षणभर
की मी स्वतःच रुमालाकडे वाकून पाहिलं.

प्रणोती म्हणाली, 'आधी पंखा लावा, मंग विचारा.'
लाईट गेली होती.
तेव्हा मीच म्हटलं, काढा ते तपासलेले पेपर,
आणि अडतीस उत्तरपत्रिका हलू लागल्या,
लाल आकड्यांचा वारा,
शाई वर्गभर फडफडत होती.
छत्तीसवरून तेहतीस.
तीस. मुलं ओरडून आकडे सांगायला लागली.
सव्वीस. डेकाटे बाकावर चढला.
शेजारच्या वर्गातून कोहपरे सर डोकावून गेले,
काही बोलले नाहीत, दार मात्र ओढून घेतलं.

चोवीसला पारा थांबला.
वहीत नोंदवायला मी सांगितलं नाही,
तरी चार-पाच जण लिहीत होते,
आणि डेकाटे, खाली मान घालून,
आपल्या पेपरवर त्या उत्तराखाली
पेन्सिलीने काहीतरी.

तास संपायला तीन मिनिटं असताना
प्रणोतीने हात वर केला.
'पाण्यानं नेलेली गरमी
मंग जाते कोठी? वर ढगात गेल्यावर
थे पाणी पुन्हा पाणी होते,
तवा गरमी कोणाले देते?'

जिभेवर तयार होतं : हे आपल्या अभ्यासक्रमात नाही.
उत्तर मला येतं. बी.एस्सी.ला पाठ केलं होतं,
दोन ओळींत, स्वल्पविरामासकट.
खडू उचलला, आणि फळ्यापाशी उभी राहिले.

मागे कोणीतरी आकडे वाचत होतं अजून,
आता उलटे :
सव्वीस, अठ्ठावीस, एकतीस.
रुमाल वाळला होता.