पाठ तिसरा: कोरे, सोरे, आरे

शाहूपुरीत टायरच्या दुकानावर, जिना चढून गेलं की क्लास.
आठ बाकं, एक पंखा, सगळ्याला रबराचा वास.
आम्ही पाच जण शिरोलीच्या फाउंड्रीतून येतो,
मालकांनी पाठवलेले,
कारण दिवाळीनंतर माल जपानला जाणार
आणि डिस्पॅचला मी असते.

अत्तार मॅडम पेन हातात धरून म्हणतात, कोरे.
माझ्याजवळचं.
मी वहीत लिहिते, कोरे,
आणि पान कोरं राहत नाही.

मग पेन माझ्या हातात देऊन दोन पावलं मागं सरतात.
आता सोरे. तुझ्याजवळचं.
महादू कोरवी मागून विचारतो,
"मॅडम, पेन त्येच की वो. नाव का बदाललं?"
"पेन तेच. हात बदलला."
महादू गप्प. साच्यात धातू ओतणारा माणूस,
त्याला हे बहुतेक माझ्याआधी कळलं.

खिडकीतून बंद मिलचं धुराडं दिसतं.
मॅडम तिकडं बोट करतात. आरे.
ना माझ्याजवळ, ना तुझ्याजवळ.
आम्ही जन्मभर अरे म्हणून जवळच्याला हाक मारली,
तिकडं तोच आवाज सगळ्यात लांबच्याला.

आणि दोरे म्हणजे कोणतं.
हे मात्र एकदम पटलं.
प्रश्नच तो, दोरेच असणार,
एक ओढायला जावं तर चार गुंतलेले.

आपल्याकडं दोनच, हे आणि ते.
तीही आपण धड वेगळी ठेवत नाही:
"ते हे आण गं, ते... काय ते..."
लेथवरनं नजर न काढता हात मागं यायचा
आणि मी त्या हातात चौदाचा पाना ठेवायची.
कधी चुकला नाही.

आमचे हे.
एकवीस वर्षांत नाव घेतलं ते उखाण्यापुरतं.
हे आले का, हे जेवले का,
उद्यमनगरात असले तरी हे,
बेळगावला लग्नाला गेले तरी हे.
लांब-जवळचा हिशोबच नव्हता त्या शब्दाला.

मग एका मंगळवारी सीपीआरच्या पायऱ्यांवर
दीर फोनवर कुणाला तरी म्हणाले,
"ते गेले."

ते.
त्या दिवसापासून मी दोन्ही शब्द टाळते.
वाक्यं वळसा घालून नेते,
खणलेला रस्ता चुकवून रिक्षा नेतात तशी.

सुटायच्या वेळी विचारलं,
"मॅडम, वस्तू समोर नसंल, कुठंच दिसत नसंल,
तर कोणतं लावायचं?"
मॅडमनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला.
"तुम्हाला एकटीलाच ठाऊक असेल, तर सोनो.
समोरच्यालाही ठाऊक असेल, तर आनो.
आनो हितो, म्हणजे ते.
मग बोट दाखवावं लागत नाही."
त्यांनी पुढं काही विचारलं नाही.
डस्टर घेऊन फळा पुसला,
मिलचं धुराडं फळ्यावर नव्हतं, ते राहिलं.

घरी आले तर शाल्मली अंगणात,
गाडीची चेन उतरलेली, हात काळे,
मान वर न करता म्हणाली,
"आई, ते हे दे की, ते... बाबांचं..."
तिचं वाक्य संपायच्या आत
चौदाचा पाना तिच्या हातात होता.

आरे, मी म्हणाले.
आपोआपच आलं तोंडातून.

"आरे काय गं?" ती चेनवरच वाकलेली.
"मी पोरगी हाय तुझी. अगं म्हण."